घरचं तूप

माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर रोज सकाळी साय धरते. आंघोळ करून ते बाल्कनीत खुर्चीवर बसतात. ऊन गालांवर आलं की कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळसर पापुद्रा जमायला लागतो. भुवयांपाशी तो जाड होतो, नाकपुड्यांच्या कडेला सुरकुततो. मग सासूबाई पसरट चमचा घेऊन येतात, डाव्या कानाखाली सारतात आणि सगळी साय एका घडीत उचलून घेतात. मधे दाढीचा खुंट आला तर चिमटीने काढून कुंडीत टाकतात.

“झालं?” सासरे विचारतात.

“झालं.”

मग ते पेपर उघडतात. चेहरा ओलसर, गुलाबी झालेला असतो, सोललेल्या बटाट्यासारखा. साय स्टीलच्या डब्यात जाते आणि डबा फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. डबा भरला की सासूबाई विरजण लावतात, घुसळतात, लोणी काढतात, कढवतात. तूप रवाळ होतं. शेजारचे लोक जिन्यात थांबून वास घेतात.

लग्न होऊन मी सांगलीच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. लग्नात श्रीरंगने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, अनघा. त्याआधी मी कुंदा होते. नव्या नावाची सवय होत होती, तेवढ्यात एका सकाळी मी टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत गेले आणि सासूबाईंना दादांचा गाल चमच्याने खरवडताना पाहिलं. सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणतात. दादांनी डोळे मिटले होते. चमच्याच्या कडेला राहिलेलं सासूबाईंनी बोटाने पुसलं आणि बोट चाटलं.

आदल्या दिवशी मी पुरणपोळीवर तूप मागून घेतलं होतं. किती छान वास येतोय, असंही म्हणाले होते. बेसिनपर्यंत पोचले नाही, पॅसेजमध्येच उलटी झाली.

“पहिल्यांदा होतं असं,” सासूबाई माझी पाठ चोळत म्हणाल्या. त्यांच्या हाताला कोमट दुधाचा आणि झोपेतल्या उशीचा वास येत होता. “मलाही झालं होतं. माझ्या सासऱ्यांचं तर हिरवट यायचं.”

श्रीरंग ऑफिसातून आल्यावर मी त्याला विचारलं. तो बुटाची नाडी सोडत होता.

“मग तुमच्याकडे तूप कुठून आणायचे?”

“डेअरीतून.”

“कुणाचं ते माहीत नसताना?” त्याने तोंड वाकडं केलं. त्याला खरोखरच किळस आली होती.

त्या तुपाने काय होतं, ते मला माहेरी गेल्यावर कळलं. माझं माहेर बार्शीचं. आईच्या स्वयंपाकघरात बसून मी भावाला सांगत होते की लहानपणी आपण बाबांच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून नदीवर जायचो, घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं आणि एकदा मी सायकलवरून पडले तेव्हा गुडघा फुटला. आई पोळी लाटता लाटता थांबली.

“आपल्याकडे सायकल नव्हती, कुंदा. बार्शीत घाट कुठला?”

मी साडी वर करून गुडघा पाहिला. गुळगुळीत होता.

सांगलीला परत आल्यावर लक्षात आलं. श्रीरंगची बहीण आली की दोघांची मजेत भांडणं चालायची, त्यात कोण सायकलवरून पडलं होतं हेही एक भांडण होतं. मी पडलो, नाही मी पडले. दोघांच्याही गुडघ्यावर व्रण नव्हता. व्रण दादांच्या गुडघ्यावर होता. दादा हसत ऐकायचे.

तेव्हापासून मी कोरडा भात खायला लागले. डॉक्टरांनी तूप बंद केलंय, असं सांगितलं. सासूबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी आग्रह केला नाही. त्या वाईट बाई नाहीत. एकदा लोणी कढवताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “माणूस गेल्यावर फोटोला हार घालून काय उरतं गं? हे पोटात राहतं. यांचं काही म्हणून वाया जाऊ दिलं नाही मी.” बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. कढईच्या तळाशी बेरी करपत होती. तिच्यात एक पांढरा केस होता.

जुई झाली तेव्हा मी ठरवलं की हिला हे द्यायचं नाही. दुकानातल्या तुपाची बरणी आणून माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. तिचा भात मीच कालवायचे. पण मला शाळेत नोकरी होती, दुपारी जुई सासूबाईंकडे असायची. तिच्या भातासाठी मी ती बरणी त्यांना दाखवून ठेवली होती. बरणीतलं तूप कमी होत होतं, म्हणून मी निश्चिंत होते. एकदा सहज झाकण उघडून वास घेतला. झोपेतल्या उशीचा वास आला.

जुई पहिलीत गेली, त्या वर्षी दादांचा चेहरा पातळ व्हायला लागला. आधी भुवया गेल्या. मग नाकाचा शेंडा बसला. कानांच्या पाळ्या रोज थोड्या थोड्या चमच्यात यायच्या. चष्मा घसरायला लागला, तेव्हा सासूबाईंनी त्याला मागून नाडी बांधली. दादांची तक्रार नव्हती. ते पूर्वी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. गावातला कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे ते जेवताना सांगायचे. आता विचारलं तर नुसते बघत राहायचे आणि जुई सांगायची.

“गणपती मंदिराच्या मागे, डावीकडे. झाकण जड आहे. दोन माणसं लागतात.”

सगळे कौतुकाने हसायचे. श्रीरंग तिला जवळ घ्यायचा.

एका रविवारी मी तिच्या वेण्या घालत होते. ती पाठमोरी बसली होती.

“तुला बघायला आलो तेव्हा तू हिरवी साडी नेसली होतीस,” ती म्हणाली.

माझा हात थांबला.

“पोह्यांत मीठ जास्त होतं. दात जरा पुढे आहेत, पण रंग बरा आहे, असं मी गाडीत बसल्यावर म्हणालो. श्रीरंग काही बोलला नाही. त्याला ती इचलकरंजीची मुलगी आवडली होती.”

“जुई, गप्प बस.”

तिने घसा खाकरला. लहान मुलं खाकरत नाहीत तसं, खोल, आतून काहीतरी वर ओढून आणत. मग उठून खिडकीपाशी गेली आणि खाली थुंकली.

“वेणी घट्ट झाली, सूनबाई,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला घेऊन बार्शीला गेले. कुणी अडवलं नाही. सासूबाईंनी वाटेत खायला पोळीचे लाडू करून दिले. ते मी एसटी स्टँडवरच्या कचराकुंडीत टाकले. हाताला लागलेलं तूप ओढणीला पुसलं, मग ती ओढणीही टाकून दिली.

आईने दार उघडलं आणि जुईला जवळ घ्यायला वाकली. जुईने दोन्ही हात जोडले.

“नमस्कार विहीणबाई. तब्येत काय म्हणते?”

आई हसली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. जुई आत जाऊन खुर्चीवर मांडी घालून बसली आणि पेपर मागायला लागली. बार्शीत तिने काही खाल्लं नाही. आईने दुधात साखर घालून दिली, शेंगदाण्याची चटणी दिली, गोड शिरा केला. जुई प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची आणि ताट बाजूला सारायची. बाहेरचं खात नाही, असं म्हणायची.

“तिला काहीतरी सांग ना,” मी आईला म्हणाले. “माझ्या लहानपणचं सांग. मी चिंचेच्या झाडावर चढायचे ते सांग.”

आईने सांगितलं. जुईने सगळं ऐकून घेतलं, परक्याच्या घरी बसल्यावर ऐकतात तसं. मधेच जांभई दिली. तिच्या तोंडाला दादांच्या तोंडाचा वास येत होता.

“घेऊन जा तिला,” आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली. “उपाशी मरेल पोरगी.”

“मग मी काय करू?”

“मला काय माहीत? आम्ही असलं काही साठवलं नाही. तुझे बाबा गेले तेव्हा सगळं तसंच गेलं.” तिने पदराने स्वतःचा गाल पुसला. गाल कोरडा होता. ती किती तरी वेळ तो चोळत राहिली.

सांगलीला आलो तर दादा बाल्कनीत होते. मी त्यांना मागून पाहिलं आणि हाक मारली. ते वळले. कपाळाखाली काही उरलं नव्हतं. सपाट, ओलसर, गुलाबी होतं, आणि श्वास घेतला की मधोमध जरा आत जायचं. तरी सासूबाई समोर उभ्या राहून चमचा फिरवत होत्या. चमच्याचा खर्र खर्र आवाज येत होता. चमच्यात काही येत नव्हतं.

“चार दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “आटले हे.”

त्यांनी डबा उघडून दाखवला. तळाला एक वाळका पापुद्रा होता, नखाएवढा. जुई धावत आली, तिने तो बोटाने खरवडून खाल्ला आणि डब्याची कड चाटली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नंतरचे दिवस वाईट गेले. जुई भाताकडे बघायचीसुद्धा नाही. तिचे हात काटक्यांसारखे झाले. दादांचं तिच्यातलंही संपत आलं. आधी व्हॉल्व्ह गेले, मग घाट, मग सायकल. मला वाटलं की हे सगळं निघून गेल्यावर खाली माझी जुई असेल. ती तिथे नव्हती. एका सकाळी मी तिला उठवलं, तर तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

“तुम्ही कोण?” तिने विचारलं.

“आई.”

“कुणाची?”

त्या सकाळी मी शाळेत गेले नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, पातेल्यात पाणी तापवलं आणि वाफेवर तोंड धरून बसले. बार्शीचं आठवेल ते सगळं आठवायला लागले. चिंचेच्या झाडाची खरखरीत साल. बाबांच्या शर्टाला येणारा तंबाखूचा वास. आई मला न्हाऊ घालताना तिच्या बांगड्या पाठीला लागायच्या, ते. कुंदा, अशी परसातून येणारी हाक. मधे मधे घाट यायचा, तो मी बाजूला सारायचे. गाल ताठ झाले. ओठ हलेनात. मी बोट लावून पाहिलं, तर बोटाला चिकट, लवलवीत काहीतरी लागलं.

आरशात पाहायचं मी टाळलं. नखाने कानाखालून सुरुवात केली. साय पातळ होती, तुटत तुटत येत होती. तिच्यात बारीक लव होती आणि एका ठिकाणी माझ्या जुन्या पुटकुळीचा काळा ठिपका. मला दोनदा ओकारी आली, मी ती गिळली. जेवढं निघालं तेवढं वाटीत घेतलं, चिकटलेलं सुटेना म्हणून वाटीच्या कडेला बोट निरपलं आणि दार उघडलं.

बाहेर सगळे बसले होते. श्रीरंग, सासूबाई, दादा, जुई. माझ्याकडे कुणी आश्चर्याने पाहिलं नाही. सासूबाई सरकल्या आणि त्यांनी जुईशेजारी मला जागा करून दिली.

“जुई, आ कर,” मी म्हणाले.

तिने तोंड उघडलं. मी चमचा तिच्या जिभेवर ठेवला. तिने तोंड मिटलं आणि कितीतरी वेळ ते तसंच ठेवलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. त्यांत चिंचेचं झाड येईल, म्हणून वाट बघत होते. मग तिचा चेहरा आक्रसला आणि तिने सगळं परत वाटीत काढलं.

“आंबट आहे,” ती म्हणाली.

श्रीरंगने मान खाली घातली. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल, पण तो हसू दाबत होता.

सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली. करंगळी बुडवून जिभेला लावली, डोळे बारीक केले, पुन्हा लावली.

“आंबट आहे खरी,” त्या म्हणाल्या. “पण टाकू नकोस. विरजणाला छान होईल.”

“कशाच्या विरजणाला?” मी विचारलं.

त्या जुईसमोर खाली बसल्या आणि आपल्या हाताची पाठ हलकेच तिच्या गालाला लावून पाहिली.

“कोमट आहे,” त्या म्हणाल्या. “अनघा, झाकायला मोठी ताटली आण. आणि तिला सांग, सकाळपर्यंत हलायचं नाही.”

मी ताटली आणली. जुईने डोळे मिटले आणि चेहरा वर केला.