दोन बोटे पाणी

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. पण मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण मी गच्चीवर ऊन खात बसणारी टाकी नाही. मी एका चालत्या घरात राहते. त्या लांबलचक गाडीत चूल आहे, मोरी आहे, झोपायला पलंग आहे, आणि पलंगाखालच्या लाकडी पेटीत, दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली मी आहे. मी समुद्रकाठी गेले, डोंगरावर गेले, पण पाहिले मात्र काहीच नाही. माझ्या नशिबी फक्त अंधार, हादरे आणि वरच्या गप्पांतून कानावर पडेल तेवढे.

कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात ओतून मला घडवले. शंभर लिटर माझ्या पोटात मावतात. मला एक तोंड आहे, ते गाडीच्या बाहेर उघडते. पाणी न्यायला एक नळी आहे. आणि खांद्यावर अंगठ्याएवढी एक बारीक नळी आहे, तिची गोष्ट पुढे येईलच. पाणी आत आले की माझ्यातली हवा त्या नळीने बाहेर पडते. तो माझा श्वास.

मला विकत घेतले ते काका-काकूंनी. काका घड्याळे दुरुस्त करायचे. काकू कुंभाराघरची लेक, लहानपणापासून माठ वाजवून पारखत आलेली. दुकान बंद केल्यावर दोघे काकांच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना घेऊन गाडीतून हिंडू लागले. जिथे नळ नाही, वीज नाही, अशाच जागा काकांना आवडत. मग वाटेत कुठेतरी हातपंप गाठायचा, वीस लिटरचे डबे भरायचे आणि नरसाळे लावून माझ्यात ओतायचे. काका बाहेरून ओतत. काकू आत गादी उचलून, फळी सरकवून माझ्या अंगावर बोटांची पेरे वाजवत. पाणी असेल तिथे मी बद्द वाजते, नसेल तिथे टणटण. "अजून चार बोटं!" काकू ओरडत. मला किती बरे वाटायचे म्हणून सांगू! त्या अंधारात माझी विचारपूस करणारे तेवढेच एक माणूस होते.

"तुमची घड्याळं मागे पडतील, पण माझी टाकी खोटं बोलायची नाही," असे काकू चारचौघांत सांगत. मी पोटातल्या पोटात फुगत असे.

मग काकांनी घडीच्या खुर्च्या घेतल्या. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या माझ्या पेटीत कोंबल्या. एका खुर्चीचा पाय नेमका माझ्या श्वासाच्या नळीवर आला आणि नळी चपटी झाली. पुढच्या हातपंपावर काका पाणी ओतू लागले. दोन डबे कसेबसे गेले. तिसऱ्याला माझी हवा बाहेर पडेना, पाणी उसळून परत तोंडातून आले आणि काकांचे बूट भिजले.

"भरली गं! काठोकाठ!"

"इतक्यात?" काकूंनी गादी उचलली.

तिथे आणखी दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. काका त्या मंडळींना ऐकू जाईल असे म्हणाले, "अगं, टाकी आहे ती. माठ घ्यायला आलीयेस का बाजारात?"

सगळे हसले. काकूंचा हात माझ्यापर्यंत आला होता. तो तसाच मागे गेला आणि फळी बसली. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असून बोलता येत नाही याचा फार राग आला. मी निम्मीसुद्धा भरले नव्हते.

तिथून गाडी एका खाऱ्या तळ्याकाठी गेली. पाणीच पाणी, पण तोंडात घेण्याजोगे नाही. टाकी भरलेली या भरवशावर भांडी घासली, अंघोळी झाल्या. मी मनातल्या मनात ओरडत होते, पण पेटीबाहेर काय ऐकू जाणार? तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी मागची दोन्ही चाके वाळूत रुतली. त्यात अप्पांना सकाळपासून जुलाब लागलेले. ते माझ्यावरच्याच पलंगावर पडून होते आणि काकू त्यांना तासातासाला मीठ-साखरेचे पाणी पाजत होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होते.

काकांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या संध्याकाळशिवाय जमणार नाही.

"पाण्याचं काय? पोराबरोबर दोन डबे पाठवू का आत्ता?"

"छे छे, कशाला त्रास! टाकी काठोकाठ भरलीय."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. अप्पांचे ओठ सुकले होते. काकूंनी एकदा काकांकडे पाहिले, एकदा फळीकडे.

"अप्पा, जरा उठता का?"

"काय झालं?"

"टाकी वाजवायचीय."

"अगं, फोन चालूय माझा!" काका चिडले. पण या वेळी हात मागे गेला नाही. गादी उचलली, फळी सरकली आणि माझ्या अंगावर उजेड पडला. टण. टण. टण. हात खाली खाली येत गेला. अगदी तळाशी मी बद्द वाजले.

काकूंनी नवऱ्यासमोर दोन बोटे धरली.

काकांचा चेहरा उतरला. "हॅलो, ठेवू नका," ते फोनवर म्हणाले. "टाकीत दोन बोटं पाणी आहे. मी न बघता बोललो. डबे पाठवा. माझे वडील आजारी आहेत."

डबे यायला तीन तास लागले. तोवर माझ्यातला थेंब न् थेंब अप्पांसाठी राखला. काका स्वतः घोटभरही प्यायले नाहीत. काकूंनी पेटीत हात घालून खुर्ची ओढली, तेव्हा माझी नळी मोकळी झाली आणि कित्येक दिवसांनी मी फुस्सकन मोठा श्वास घेतला. "घ्या! हिचा गळाच दाबला होतात तुम्ही," काकू म्हणाल्या. पडल्यापडल्या अप्पा हसले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

काका बाहेर जाऊन डबे ओतू लागले. बूट भिजले नाहीत. तरी झाकण हातात धरून ते थांबले आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली, "वाजव गं. तू सांगशील तेवढीच भरलीय म्हणायची."

मित्रांनो, खुर्च्या आता टपावर बांधतात. मी मात्र अजून पेटीतच आहे आणि शेवटपर्यंत तिथेच राहणार. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याला आपली अडचण सांगता येत नाही. वरवर सगळे भरलेले दिसते, तेव्हा एकदा जवळ जाऊन वाजवून पाहा. आणि कोणी हसले, तर हात मागे घेऊ नका.