पाणी न सोडणारी माती

मी एक जुनी माती आहे. विठ्ठलवाडी स्थानकाच्या मागे, वालधुनी नदीच्या पूरपट्ट्यात माझा मुक्काम आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्यांना स्वतःचे गुण सांगण्याची घाई असते. मी अवगुणापासून सुरुवात करते, कारण पुढे जे घडले त्यात माझा अवगुण सर्वांच्याच फार उपयोगी पडला. माझ्यात शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही.

याचे कारण माझ्या जन्मात आहे. पूर आला की नदी काठ सोडून पसरते. जाड वाळू काठाजवळच खाली बसते. दूरवर, जिथे पाणी दमून उभे राहते, तिथे फक्त पिठाहून बारीक गाळ पोचतो आणि सावकाश तळाला लागतो. तो गाळ म्हणजे मी. माझे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांच्यामधून पाण्याला वाट सापडत नाही. पावसाळाभर मी तुडुंब असते आणि हवा आत येत नाही. हवेवाचून माझ्यातल्या लोहाचा तांबूसपणा जातो, मी राखाडी, किंचित निळसर होते. अशा वेळी मला खणले तर कुजल्याचा वास येतो. वैशाखात मात्र हीच मी इतकी आक्रसते की माझ्या भेगांत लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जावा, आणि माझे ढेकूळ दगडासारखे वाजते. माझ्याविषयी निर्णय घेणारे बहुतेक लोक मला वैशाखात भेटायला येतात.

धाकू आणि शेवंती या आगरी जोडप्याने माझ्यावर अर्धे आयुष्य भात पिकवला. इतर पिकांची मुळे माझ्यात गुदमरून कुजतात. भाताचे तसे नाही. तो आपल्या देठातून हवा मुळांपर्यंत नेतो. त्या मुळांभोवती माझा तांबूसपणा टिकून राहिला, म्हणून आजही मला कापले तर राखाडी अंगात तांब्याच्या तारांसारख्या रेषा दिसतील. शेवंती चिखलणी करताना म्हणायची, "पानी सोरतच नाय बाय, लेकरू धरल्यावानी धरते." माझ्या अवगुणाचे एवढे कौतुक नंतर कोणी केले नाही.

त्या काळी खाचराच्या बांधाला मोरी ठेवण्याचा रिवाज होता. वरच्या खाचरातले जादा पाणी मोरीतून खालच्यात यायचे, तिथून पुढे नाल्यात जायचे. खालच्याला आपल्या कामासाठी मोरी बुजवायची असली, तर तो आधी बांधावर उभा राहून वरच्याला हाक मारत असे. हा नियम कोणत्याही कागदावर नव्हता, त्यामुळे तो पाळला जात असे.

पुढे शेती परवडेना. धाकूने वरच्या खाचरात थोडा मुरूम टाकून बैठे घर बांधले आणि खालचे खाचर विकले. पहिला भराव आपल्याच माणसाने घातला, हे शेवंती कधी लपवत नाही.

खालचा तुकडा हरिहर मास्तरांनी घेतला. मास्तर भूगोल शिकवीत. गाळाची जमीन सुपीक असते, हे वाक्य त्यांनी अनेक पिढ्यांकडून पाठ करून घेतले होते. पुढचे वाक्य पाठ्यपुस्तकात नव्हते आणि पाठ्यपुस्तकाबाहेर डोकावणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. ते वैशाखात आले. त्यांनी टाच आपटून पाहिली आणि पत्नीला, सुमतीबाईंना, समाधानाने सांगितले, "खडक आहे हो, खडक."

घर झाले. दोन्ही घरांमधल्या बुटक्या भिंतीच्या तळाशी जुनी मोरी तशीच राहिली, कारण धाकू तेव्हा जिवंत होता आणि गवंड्याच्या डोक्यावर उभा होता. शेवंतीच्या अंगणातले पाणी मास्तरांच्या अंगणातून नाल्याला जात राहिले. शेजारही चांगला चालला. गणपतीत शेवंतीकडून तांदळाच्या पिठाचे बोरे यायचे, सुमतीबाईंकडून पुरणपोळी जायची.

धाकू गेल्यानंतर काही वर्षांनी मास्तरांच्या भिंतींना ओलीने लोणा, म्हणजे पांढरा खार, लागला. दर आषाढात गिलाव्याचे पोपडे पडू लागले. कंत्राटदार मितेश बोलावला गेला. त्याने अंगणभर फिरून उपाय सांगितला.

"सर, मधली भिंत वर चढवू आणि अख्ख्या प्लॉटला कमरेएवढी भरणी मारू. राबिट मी आणतो, तिकडे शीळफाट्याला बिल्डिंग पाडलीय. वरून काँक्रीट, घराचा जोता पण उचलू. पाणी तुमच्याकडे बघणार पण नाही."

"मग ते बघणार कोणाकडे?" सुमतीबाईंनी विचारले.

मितेश हसला. "मॅडम, ते ज्याचं त्याचं."

मित्रांनो, आमच्या भागाची अभियांत्रिकी या तीन शब्दांत मावते. एक घर उंच होते, शेजारचे आपोआप खड्ड्यात जाते. मग तेही उंच होते. ज्याला उंच होणे जमत नाही, त्याच्या घराला सखल भाग असे भौगोलिक नाव मिळते.

शेवंती कुंपणाशी आली. तिला दुसरे काही नको होते. धाकूच्या घरात शेवटपर्यंत राहता यावे, एवढेच तिला हवे होते, आणि ते त्या मोरीवर अवलंबून होते.

"मास्तर, भिंत घालताव ती घाला. खाली मोरी तेवरी ठेवा. माझ्या दारचा पानी जाईल कुठं?"

"बघतो, शेवंतीबाई."

"बघतो नको. शाळंत पोरांनी अभ्यास नाय केला आन बोलली ‘बघतो’, तं तुमी सोरत व्हते का?"

मास्तरांना हसू आले. "बरं बाई, ठेवतो. शब्द दिला."

भिंत चढू लागली तेव्हा मितेशने मोरीकडे बोट दाखवले. "सर, या भोकातून घुशी येतात. भरणी आतून पोखरून टाकतील. नंतर मला बोलू नका."

मास्तरांनी शेवंतीच्या दाराकडे पाहिले. दाराला कुलूप होते. ती कोपरीला लेकीकडे, संचिताकडे गेली होती. ते कुलूप पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला तो मला आवडला नाही.

"बुजव," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की मितेशला पुन्हा विचारावे लागले.

त्या वर्षी पूर आला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पूर आला असता तर सगळे त्याच्या नावावर खपले असते. नेहमीसारखा पाऊस पडला. शेवंतीच्या अंगणात पाणी जमले आणि उभे राहिले. वरून वाट नाही, म्हणून ते माझ्यात उतरू पाहत होते, आणि मी आधीच भरलेली होते. तिकडे मास्तरांच्या राबिटाचे ओझे मला दाबत होते. जिथे दाब कमी तिकडे मी ओल सरकवली. दाब कमी होता तो शेवंतीच्या घराखाली. तिच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आले. ज्या पायांनी मला तुडवून लोण्यासारखे केले होते, त्याच पायांना माझ्यामुळे चिखल्या झाल्या.

मला याची लाज वाटते. माझ्या स्वभावात बदल नाही, म्हणून लाज कमी होत नाही.

सुमतीबाई मलम घेऊन गेल्या तेव्हा शेवंतीची खाट विटांवर चढवलेली होती.

"लावनीत पन व्हायच्या चिखल्या," शेवंती बोटांच्या बेचक्यांत मलम भरत म्हणाली. "पन तवा सांजेला घरा येवून पाय कोरडा करायची. आता घरानच लावनी चाललीय."

सुमतीबाईंना हसता आले नाही. परत येऊन त्यांनी मास्तरांना सगळे सांगितले.

"तिकडची मातीच वाईट आहे," मास्तर म्हणाले.

"अहो, मग आपल्या घराखाली काय संगमरवर आहे?"

मास्तरांनी वर्तमानपत्र उघडले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना मी एकच आहे, हे भूगोलाच्या शिक्षकाला कळत होते. ते कळत होते, म्हणूनच वर्तमानपत्र लागले.

श्रावण उतरता संचिताने टेम्पो पाठवला. खाट, कपाट, देव्हारा बाहेर येऊ लागले तेव्हा मास्तर उठले. त्यांनी कोणाला मदतीला बोलावले नाही. पहार घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि शेवंतीच्या बाजूने मोरीची जागा फोडू लागले. त्या वयात ते काम जमण्यासारखे नव्हते, तरी त्यांनी केले. विटा सुटल्या, मागचे राबिट ढासळले, आणि अडलेले पाणी काँक्रीटखालून वाट काढत नाल्याकडे धावले. मध्यान्हीपर्यंत अंगण उघडे पडले.

"बघा, शेवंतीबाई, निघालं सगळं पाणी," मास्तर धापा टाकत म्हणाले. त्यांच्या आवाजात उत्तीर्ण झाल्याचा आनंद होता.

शेवंतीने त्यांना घरात बोलावले आणि अंगठ्याने एक फरशी दाबली. सांध्यातून पाणी वर आले.

"वरचा गेला. खालचा?"

"तेही सुकेल."

"कवा?"

शेवंती मास्तरांना टाकून बोलली नाही. ते त्यांना सोपे गेले असते. तिने घराची किल्ली सुमतीबाईंच्या हातात दिली. "कोरडा झाला का फोन करा. येवरा वल्यान ऱ्हायाचा आता माझ्यानी नाय व्हनार." आणि ती टेम्पोत चढली.

त्याच आठवड्यात मितेश येऊन तिच्या भिंतीवर टिचकी मारून गेला. "आजी नाय आल्या तर सांगा, सर. हे पण भरून घेऊ."

मित्रांनो, मला बरी करण्याचे औषध शोधू नका. मी आजारी नाही. मला पारखायचे असेल तर श्रावणात या. हातभर खड्डा करा, त्यात कळशीभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पाणी तसेच असेल, खड्ड्याची कड राखाडी आणि तिच्यात गंजाचे ठिपके असतील, तर तिथे भात लावा, कमळे लावा, किंवा काहीच करू नका. घर बांधून झालेच असेल तर निदान भराव टाकण्याआधी विचारा, इथले पाणी आता कोणाच्या चुलीपाशी जाणार आहे. उत्तर मिळाल्यावर ते विसरू नका. पश्चात्ताप झाला की भिंत एका सकाळीत फुटते. माझ्यातले पाणी पश्चात्तापाच्या वेगाने निघत नाही.

मास्तर आता रोज सकाळी शेवंतीच्या घराचे कुलूप काढतात. कष्टाने खाली वाकतात आणि उघडा तळहात फरशीवर ठेवतात. भाद्रपद गेला, आश्विन गेला, गल्लीत दिवाळीचे कंदील लागून उतरले. सुमतीबाई फोन हातात घेऊन दारात उभ्या असतात.

"करू का फोन?"

मास्तर तळहात उलटा करून पाहतात, लेंग्याला पुसतात.

"आज नको," ते म्हणतात.