बोलावलेली मेंढरं

या मायबाप, जवळ सरकून बसा, कळंबच्या स्वरूपाची गोष्ट सांगतो. बारामतीत कायद्याच्या पोरांच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेची अंतिम फेरी होती. खटला काल्पनिक, मेंढपाळानं शेतात घुसखोरी केल्याचा. स्वरूपा मेंढपाळाची वकील.

ती म्हणाली, "लेंडीखतासाठी शेतकरीच शेतात मेंढरं बसवून घेतात. बोलावलेला घुसखोर कसा?"

परीक्षक हसले. "लेखी करार कुठाय?"

"शब्दच करार, साहेब. माझा आजा गेणबा जन्मभर शब्दावरच मेंढरं बसवत आला."

"हा मुद्दा सोडा, नाहीतर गुण कापीन."

चषक समोरच टेबलावर होता.

"कापा की साहेब! मुद्दा सोडायची न्हाय मी."

चषक समोरच्या बाजूच्या वकिलाला, पणदऱ्याच्या इंद्रजितला गेला. स्वरूपा ताठ मानेनं खाली उतरली.

मायबाप, देवाचं नाव घ्याल तेव्हा या लेकीचंही घ्या.