सेरवाचा उजवा हात

मी एक जुना निळा पट्टा आहे. दुखऱ्या खांद्याचा हात माझ्यात ठेवतात आणि मला गळ्यात अडकवतात. कुमासी शहरातल्या एका शिंप्याने मला जाड कापडातून शिवले. आधी मी एका गोलकीपरचा हात सांभाळला. तो पुन्हा चेंडू अडवू लागला, तेव्हा गल्लीभर माझे कौतुक करीत फिरला. मित्रांनो, मी तेव्हा अगदी फुगून गेलो होतो.

मग त्याने मला शेजारच्या सेरवाला दिले. सेरवा बायकांच्या केसांच्या बारीक वेण्या घालते. दिवसभर हात वर धरून तिच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तो शिवला आणि बजावले, "हात पट्ट्यातच ठेवायचा. आतला टाका सुटला, तर हा हात पुन्हा डोक्यापर्यंत जाईल याची खात्री नाही."

पण बाहेरून दिसत होती फक्त दोन-तीन भोके. तिची थोरली बहीण पोकुवा हसायची. "डास चावल्याएवढी जखम आणि थाट बघा महाराणीचा!" ते शब्द सेरवाला लागायचे.

अशात त्यांचा मामा वारला. आमच्याकडे मर्तिकाला गेले की रांगेत बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचा हात हातात घ्यावा लागतो, आणि तोही उजव्या हाताने. डावा पुढे करणे म्हणजे तोंडावर अपमान. सेरवा काळे वस्त्र नेसून मांडवात शिरली. पहिल्याच खुर्चीवर घराण्यातले सर्वांत वडील, नाना बोआडू, बसले होते. त्यांनी हात पुढे केला.

सेरवाने मला बाजूला सारले. नको गं बाई, नको! मी तिच्या मनगटाला अडकून पाहिले, पण कापडाचे कोण ऐकतो? नानांनी तिचा हात धरून मायेने जोरात हलवला. खांद्यात काहीतरी तुटले. तरीही ती दात आवळून रांगेच्या शेवटापर्यंत गेली.

टाका सुटला होता. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. या वेळी डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नाही. आता ती गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसते आणि डाव्या हाताने खोट्या केसांची वेणी घालू पाहते. केस सुटून येतात. मग ती माझ्यात तोंड खुपसून रडते. मी ओला होतो, दुसरे काय करणार?

एके दिवशी नाना आले.

"अगं वेडे, 'डाव्याबद्दल माफ करा' एवढं म्हणायचंस! मी काय खाल्लं असतं तुला?"

"आणि तुमचा हात तोवर हवेत तसाच ठेवायचा, नाना? सगळ्या गावासमोर?"

पोकुवा दारात मान खाली घालून उभी राहिली. मग ज्या म्हाताऱ्याने जन्मात कुणापुढे डावा हात केला नव्हता, त्याने तो पुढे केला. सेरवाने आपल्या डाव्या हाताने तो धरला. माझ्या आतला उजवा हात मात्र तसाच पडून होता.

मित्रांनो, कुणाच्या गळ्यात मी दिसलो, तर त्याची जखम किती छोटी आहे ते पाहू नका. आणि तुमचा उजवा हात पुढे करू नका. डावा आधी तुम्हीच पुढे करा.