अंगणातली गोधडी

नारीनला, डोंगरातल्या आमच्या गावी, मागच्या अंगणात हातभर खणलं की खडक लागतो, म्हणून पाण्याचा पाइप वरच्यावरच पुरलाय. तीस वर्षांत तो कधी गोठला नव्हता. यंदा मात्र तीनदा गोठला, आणि माझं डोकंच चालेना.

पहिल्यांदा मी जाळ करून जमीन मऊ केली, खणलं आणि पाइपाला लोकरीचा जाड नमदा गुंडाळला. दुसऱ्यांदा त्यावर मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर दिला. तिसऱ्यांदा कुदळ फेकली आणि तणतणत घरात आलो.

"शेजारच्या एसेनबेकचा पाइप आपल्याहूनही वर पुरलाय! त्या ऐतखाऊच्या अंगणात गुडघाभर बर्फ साचलाय, तरी त्याच्या नळाला धो धो पाणी. आपली नवी सून मेरिम रोज पहाटे उठून सगळा बर्फ झाडते, अंगण कसं लख्ख ठेवते. आणि गोठतो कुणाचा? आपला!"

माझी बायको साइरा शांतपणे चहा ओतत होती.

"बर्फ म्हणजे पाइपाची गोधडी. ती पोर रोज ओढून काढते."

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्या आईनं. म्हणाल्या, तिथल्या बर्फाला हात लावू नकोस."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बर्फ काढत नाही म्हणून तीस वर्षं मला आळशी म्हणालात. म्हटलं, एक हिवाळा कामसू बाईचंही सुख बघा."