बांधाचं गाऱ्हाणं

गोवा घटक राज्य झालं, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पेडण्याकडच्या आमच्या गावात पंचायत पुराचा विचार करायला बसली होती. व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, फुगलेला असताना नदीला भरती आली की पाण्याला वाट उरत नाही. मग ते खालच्या वाड्यात शिरतं, पाव भाजणाऱ्या पदेराच्या भट्टीपासून शेवंतीच्या चुलीपर्यंत. उपाय सगळ्यांना ठाऊक होता: व्हाळापलीकडचा बांध फोडायचा, पाणी शेतात पसरू द्यायचं, ओहोटी लागली की ते नदीला जाईल. पण शेत कोणाचं?

सगळे छपराकडे बघू लागले. पंचांत मी एकटी बाई, कडेवर लेक गौरवी. मी हात वर केला. "आमचं."

साकवाच्या खांबावर तांबडी रेघ ओढली. पाणी तिथं लागलं की बांध फोडायचा.

घरी सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ताटावरून उठले. "हात वर करताना शेत कोणाचां ता इसारलंस काय गो?" तेव्हापासून ते माझ्याशी बोलायचे ते गौरवीमार्फत. "बाय, तुझ्या आवशीक सांग, पेजेत मीठ नाय."

लावणी आटोपली, रोपांनी मूळ धरलं, आणि एका सकाळी पाणी रेघेला लागलं.

अख्खा गाव बांधावर. पंचायतीचा शिपाई गुरुदास कुदळ घेऊन उभा, पण हात उचलेना.

"मार की रे!" शेवंती पलीकडून ओरडली. पाणी तिच्या उंबऱ्याला लागलं होतं.

"गाऱ्हाण्याशिवाय? माका पोरांबाळां आसत!"

बांधाला राखणदार आहे, जागा राखणारा देव. बांध टिकू दे म्हणून त्याला दरवर्षी गाऱ्हाणं घालतात ते मामाच. तो मान दुसऱ्या कोणाचा नाही. आम्ही सगळं ठरवलं होतं, हेच राहिलं होतं. मामांना सांगायला माझी जीभ रेटेना.

ते गर्दीतून आले. हातात नारळ.

"बाय, तुझ्या आवशीक सांग, छत्री धर."

मी धरली.

"बा राखणदारा, दर वर्सा बांध सांभाळ म्हणान सांगतंय. आज सोड म्हणान सांगतंय. खालच्या वाड्यातली भुरगी-बाळां तुझीच. रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्ख्या गावानं साथ दिली.

नारळ फुटला. गुरुदासच्या हातातली कुदळ घेऊन पहिला घाव त्यांनीच घातला.

आधी तांब्यातून ओतावी एवढीच धार आली. मग पायाखालची माती थरथरली आणि पाणी आत वळलं. आवाज असा काही नाहीच. हिरवी रोपं एकेक ओळ वाकत गेली, दिसेनाशी झाली. बगळे एकदम उठले. बघता बघता आमच्या शेतात आभाळ उतरलं. पलीकडे शेवंतीचा ओला उंबरा वर आला. गौरवी दोन्ही हात पाण्याकडे पसरून हसत होती.

मामांनी कुदळ खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शालिनी, बघ गो. केवढां शेत आमचां! सगळां पाणी पोटात घेतल्यान."