गाडी ठीक आहे, सर

महेंद्र शेजवळने ऑइलची पट्टी फडक्याला पुसून पुन्हा इंजिनात सरकवली, बाहेर काढली आणि उजेडाकडे तिरकी धरली. तेल स्वच्छ होतं. बेल्ट घट्ट होता, बॅटरीच्या टोकांवर काही साचलं नव्हतं, ब्रेकचं तेल खुणेपर्यंत होतं. तरी तो उगाच एकेका नळीला हात लावत राहिला. बोनेट लावलं की बोलावं लागणार होतं आणि काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं.

मागे विंग कमांडर श्रीपाद मायदेव हात पाठीशी बांधून उभे होते. निवृत्त होऊन जमाना झाला, गुडघे कुरकुरायला लागले, पण उभं राहण्याची ऐट तीच होती. फिटर मशीनवर असताना वैमानिकाने मध्ये तोंड घालायचं नाही, ही त्यांच्या हेलिकॉप्टर युनिटची शिस्त. ती ते डोंबिवलीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या गर्दीतही पाळत होते.

वर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. एकाच कुंडीत त्या इतका वेळ ओतत होत्या की पाणी खालच्यांच्या छज्ज्यावर टपकायला लागलं होतं.

परवा त्यांनीच महेंद्रला फोन केला होता.

"महेंद्रभाऊ, यांना डाव्या बाजूचं दिसत नाही हो. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, आमच्या अद्वयने सांगितलं, मी तर रोज सांगते. गेटचा खांब घासला, तर म्हणे खांब चुकीच्या जागी बांधलाय! आणि दर रविवारी नातीला, मैथिलीला पोहायला घेऊन जातात. पोर शेजारी बसते आणि माझा जीव इथे टांगणीला. तुम्ही या. गाडी बघतो म्हणा आणि तिच्यात काहीतरी मोठं निघालं म्हणून सांगा. आमचं नाही ऐकत, तुमचं ऐकतील."

"मॅडम, पण गाडीत काही नसलं तर?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय ना," त्या म्हणाल्या होत्या.

तुमचं ऐकतील, हे मात्र खोटं नव्हतं. फिटरने 'मशीन उडणार नाही' म्हटलं की ते उडायचं नाही, मग आत कोणीही बसलेलं असो. एकदा ईशान्येकडच्या एका थंड सकाळी महेंद्रला चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनाचा आवाज पटला नाही. आत एक मोठे साहेब बसले होते, त्यांना कुठेतरी फीत कापायला जायचं होतं. महेंद्र तेव्हा नवा, साधा कॉर्पोरल. त्याने मान हलवली आणि मायदेव सरांनी एक प्रश्न न विचारता इंजिन बंद केलं. साहेब भडकले. सर शांतपणे म्हणाले, "माझा फिटर नाही म्हणतोय." त्या एका वाक्यावर महेंद्रने पुढची सगळी नोकरी केली. मशीनबद्दल आपल्या तोंडून खोटा शब्द जाऊ द्यायचा नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या सकाळनंतर त्याला तसा शब्द काढताच आला नाही.

त्याने बोनेट लावलं आणि गाडीला एक फेरी घातली. डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडे होते. खांबाचा पांढरा रंग, कुठल्याशा टेम्पोचा निळा. उजवी बाजू कोरी करकरीत होती. त्याने ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि हात पुसला.

"काय म्हणतेय?" सरांनी विचारलं.

महेंद्रने वर पाहिलं नाही.

"गाडी ठीक आहे, सर."

गॅलरीतलं पाणी थांबलं. मंदाकिनीबाईंनी हातातला तांब्या कठड्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघून महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माहीत होतं," सर खुशीत म्हणाले. "चल, एअर टेस्ट."

तोही युनिटचाच रिवाज. इंजिनाचं मोठं काम झालं की मशीन आधी नुसतं तपासणीसाठी उडवायचं आणि ज्याने ते काम केलं त्या फिटरने आत बसायचं. आपल्या हातावर विश्वास असेल तर बस, असा त्याचा सरळ अर्थ. महेंद्र नाही म्हणू शकला असता. पण दर रविवारी जिथे मैथिली बसत होती, तिथे आपण एकदा बसून बघावं, असं त्याच्या मनात आलं. तो डावीकडचं दार उघडून बसला.

निवासी विभागातल्या रुंद रस्त्यावरून गाडी निघाली. सकाळची वेळ, दुकानांची शटर्स अर्धी वर. सर ऐटीत चालवत होते, दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ. युनिट सोडल्यावरही ते उडत राहिले होते. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवली, निवडणुकीत पुढाऱ्यांना सभांना नेलं, आणि मग एका वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत कंपनीने त्यांना नम्रपणे घरी पाठवलं. तेव्हापासून हाताशी उरली ती ही गाडी.

महेंद्रचं नशीब वेगळं होतं. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये त्याने काही महिने गाड्यांच्या डिक्या उघडून बघण्याचं काम केलं. युनिटातल्या निम्म्या मंडळींना बाहेर आल्यावर तेच मिळालं होतं, गणवेश तेवढा वेगळ्या रंगाचा. मग लिफ्ट दुरुस्तीची एक कंपनी त्याला मिळाली आणि तो पुन्हा माणसात आला. हेही मशीनच, हेही माणसांना वर नेतं आणि सुखरूप खाली आणतं. कल्याण ते ठाणे इमारती उगवत होत्या, कामाला तोटा नव्हता. खोट एकच होती. धावपट्टीवर वैमानिकाचं ओरडणं ऐकू यावं म्हणून तो उजव्या कानावरचं संरक्षक कव्हर मागे सरकवून ठेवायचा. वर्षानुवर्षं टर्बाइनचा आवाज त्या उघड्या कानात शिरला आणि आता तो कान पार गेला होता, कुठला आवाज कुठून येतो तेही कळेनासं झालं होतं. कंपनीला त्याने ते कळू दिलं नव्हतं. पत्नीलासुद्धा तो 'जरा कमी येतं' एवढंच म्हणायचा.

घरडा सर्कलच्या अलीकडे रस्ता खणून ठेवला होता. उरलेल्या अर्ध्या रस्त्याच्या डाव्या अंगाला रिक्षा उभ्या होत्या. दोन रिक्षांच्या मधून एक बाई बाहेर आली, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं मनगट. ती गाडीकडे बघतच होती. गाडीवाल्याने आपल्याला पाहिलंय असं समजून तिने पाऊल टाकलं. महेंद्रने सरांकडे पाहिलं. सर समोर बघत होते, अगदी शांत, आणि गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नव्हता.

"सर, डावीकडे! ब्रेक!"

सरांचा पाय आज्ञा मिळाल्यासारखा दाबला गेला. गाडी थांबली तेव्हा बाईची पिशवी बोनेटला टेकलेली होती. तिने मुलाला कमरेशी ओढून धरलं.

"दिसत नाय काय ओ काका? लेकरू हाय हातात!"

ती रागारागाने बघत पलीकडे गेली. सरांनी गाडी हळूहळू पुढे काढून कडेला घेतली. तेवढ्यात मागून एक पाण्याचा टँकर त्यांना ओलांडून गेला आणि ड्रायव्हर खिडकीतून हात नाचवत काहीबाही बोलून गेला. महेंद्र दचकला. इतका मोठा टँकर मागे होता, हे त्याला आत्ता कळलं.

सरांनी इंजिन बंद केलं. बोटं चाकावर तशीच होती.

"दिसली नाही मला," ते म्हणाले.

"हो, सर."

"मंदाने बोलावलं ना तुला?"

"हो."

"गाडीत खोट काढा म्हणाली असेल."

"हो, सर."

"मग काढली का नाहीस?"

"नव्हती, सर." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "गाडी ठीक आहे. तुम्ही नाही आहात."

सरांचा चेहरा लाल झाला.

"ते ठरवणारा तू कोण? मशीन तुझं. वैमानिक उडेल की नाही ते डॉक्टर सांगतो, नाहीतर वैमानिक स्वतः सांगतो."

"डॉक्टरांनी सांगून झालंय, सर. आता तुम्हीच राहिलात."

सरांनी समोरच्या खणलेल्या रस्त्याकडे पाहिलं. मग सर वळले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो आवाज महेंद्रला परिचयाचा होता. उड्डाणानंतर कोण कुठे चुकलं ते विचारताना सर असेच बोलायचे.

"तो टँकर केव्हापासून हॉर्न मारत होता?"

महेंद्रने पुढे गेलेल्या टँकरकडे पाहिलं.

"खणलेला रस्ता सुरू झाल्यापासून. आणि मघाशी मी तुला विचारलं, सरळ जाऊ की वळू? दोनदा विचारलं. तू बाहेर बघत होतास. मला वाटलं, रागावलायस. उजवा कान ना?"

"थोडं कमी येतं, सर."

"थोडं?"

"येत नाही."

"कंपनीत माहीत आहे?"

"नाही."

"आणि लिफ्टच्या टपावर उभा राहतोस. शाफ्टमध्ये. अंधारात. खालून कोणी थांब म्हणून ओरडला तर?"

हा प्रश्न महेंद्रने स्वतःला कैकदा विचारला होता आणि प्रत्येक वेळी कानाडोळा केला होता. डावा कान आहे ना, असं म्हणायचं आणि शिडी चढायची. लिफ्टचा टप ही आता त्याला जगातली एकच जागा उरली होती जिथे तो कोणीतरी होता. ग्रीसचा वास, हाताखाली थरथरणारा दोर, आणि आपण सांगितल्याशिवाय काही हलणार नाही ही खात्री. ते गेलं तर काय? कोपरीच्या घरात दिवसभर खिडकीशी बसायचं? पुन्हा कुठल्यातरी फाटकावर डिक्या उघडायच्या? त्याला भीती वाटली. बाई आणि मूल गाडीपुढे आलं तेव्हा वाटली होती त्याहून जास्त वाटली, आणि त्याची लाजही वाटली.

"मी एकटा खाली नाही उतरणार," सर हट्टी मुलासारखे म्हणाले. "तू उतर. मी उतरतो."

"तुमच्या शेजारी नात बसते, सर."

"तुझ्या लिफ्टमध्ये लोकांच्या नाती बसतात."

महेंद्रने खिशातून फोन काढला. धम्मपाल त्याच्याच कंपनीत होता, मोहन्याला राहायचा, तिशीतला, कामाला चोख. गेली काही वर्षं दोघं जोडीने काम करत होते. महेंद्रने फोन डाव्या कानाला लावला.

"जय भीम काका. आज कसा काय फोन? लिफ्ट अडकली काय कुठे?"

"जय भीम. नाही रे. ऐक. उद्यापासून मी टपावर चढणार नाही. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले, मी लपवलं. साहेबांना उद्या मीच सांगेन. पण तू सोबत असतोस, तुला आधी सांगायला हवं होतं."

सर गाडीतून उतरले. दार लागल्याचा धक्का महेंद्रला सीटमधून जाणवला. पलीकडे धम्मपालच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"काका, ते माहितीये आम्हाला."

"काय माहितीये?"

"कानाचं. सगळ्यांनाच माहितीये. साहेबांना पण. म्हणून तर तुम्हाला कधी एकटं चढू देत नाय ना. खाली आपला रतन, आणि वर मी तुमच्या उजव्या बाजूला. तुम्हाला काय वाटलं, मी शिकायला येतो वर? माझं शिकून कधीच झालंय, काका."

महेंद्रला तेच वाटलं होतं. पोरगा कामाचा भुकेला आहे, नुसता चिकटून असतो, असं कौतुक त्याने पत्नीजवळ कितीदा केलं होतं. शिकवताना त्याने कधी हात आखडता घेतला नव्हता. धम्मपालला तो एकेक नट दाखवून, पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा आणि धम्मपाल मान डोलवायचा.

"काका? आहात ना? वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही शिकवताय तर शिकवू दे म्हटलं, असं ठरलेलं आमचं."

"बरं," महेंद्र म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

तो उतरला. गाडीच्या मागूनही जाता आलं असतं, पण हेलिकॉप्टरच्या शेपटाकडून कधी जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. तो पुढून वळला. सरही पुढूनच येत होते. बोनेटसमोर दोघं आमनेसामने आले. सरांनी चावी पुढे केली. महेंद्रने ती घेतली.

"काय म्हणाला तो?" सरांनी विचारलं.

"नीट ऐकू आलं नाही, सर," महेंद्र म्हणाला आणि ड्रायव्हरच्या दाराकडे गेला.